द्राक्षं दाबायला काय घ्यावं

बाळांनो, तुमच्याकडे दुकानात वाइनच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. आमच्या सांगलीकडच्या घरात ती एकदाच केली, सत्तरच्या दशकात. ती कशासाठी केली, ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, दुसऱ्या महायुद्धात इटलीत कैदी होते. ते छावणीतून निसटले तेव्हा जर्मन सैनिक पळालेले कैदी हुडकत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना द्राक्षांच्या तोडणीपासून हिवाळाभर आपल्या गोठ्यात लपवलं. रोज संध्याकाळी तो भाकरतुकडा घेऊन येई आणि पेल्यातली आपल्या द्राक्षांची दारू दोघं अर्धी अर्धी पीत. भाषा एकमेकांची कळत नव्हती. तो तेव्हाच सत्तरीचा होता, त्यामुळे आता हयात नसणार. कधी गेला हे कळायला मार्ग नव्हता. अशांसाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावस्या असते. त्या दिवशी त्याचं पान वाढावं आणि पानावर त्याच्या आवडीचं ठेवावं, एवढीच मामंजींची इच्छा होती. त्यांना दम लागू लागला होता, आणि हे राहून जाईल अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

तुमचे आजोबा म्हणाले, "आबा, मिलिट्री कॅन्टीनची रम हाय की घरात. ती ठेवा."

"रम मला आवडती. त्याला न्हवं," मामंजी म्हणाले.

अडचण सासूबाईंची होती. त्यांचा धाकटा भाऊ हातभट्टीच्या दारूने गेला होता, लग्नाआधीच. त्याच्या मागे कुणी नाही, म्हणून दर सर्वपित्रीला त्याचं पान आमच्या घरी वाढलं जाई. सासूबाई त्यावर खीर ठेवत. त्याच्या आवडीचं काय होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण ते त्यांनी कधी ठेवू दिलं नाही. नवऱ्याची कॅन्टीनची बाटलीसुद्धा त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिली नव्हती.

मामंजींनी बांधाला काळ्या द्राक्षांचे चार वेल लावले होते. फाल्गुनात घड भरले. द्राक्षं हाताने चुरून बरणीत घालायची, ती फसफसली की रस आणि साल वेगळी करायची, हे त्यांनी गोठ्याच्या फटीतून पाहिलेलं. तिथे लाकडी पिंपावर मोठा स्क्रू होता आणि तो चार माणसं फिरवीत. आमच्याकडे काय होतं? पहिलं नाव निघालं ते उसाच्या चरकाचं.

सासूबाई ओसरीवरूनच कडाडल्या, "त्या चरकाचा गूळ म्हसवडला सिद्धनाथाच्या निवदाला जातोय. त्यात दारू गाळायची न्हाई!"

मामंजींनी गुपचूप शेजाऱ्याच्या चरकातून पाटीभर द्राक्षं काढून आणली. चरकाने बियासुद्धा भरडल्या होत्या. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "कडू झालं. बी फुटता कामा न्हाई."

मग मी शेवयांचा साचा सुचवला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "शिकलेली हायस, पर तुला एवढं कळंना? ज्यातनं घास निघतो, त्यातनं ही न्हाई निघायची." फडक्यात पिळून पाहिलं, तर अर्धा रस चोथ्यातच राहिला. बरणीत द्राक्षं फसफसत होती आणि दिवस हातचे जात होते.

तेव्हा मला साताऱ्याच्या माहेरचं नकलेचं यंत्र आठवलं. माझे वडील वकील होते. पूर्वी त्यांच्या कचेरीत पत्राची नक्कल काढायला पत्रावर ओला पातळ कागद ठेवून दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबत. वरचा दांडा फिरवला की पाटी हळूहळू खाली येई. टंकलेखन यंत्र आल्यापासून ते कोपऱ्यात पडून होतं. मी जाऊन ते घेऊन आले. एसटीचा कंडक्टर ते वर चढवताना म्हणाला, "बाई, तिजोरी हाय का काय? लुटारू मागं लागतील की गाडीच्या!"

सासूबाईंनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "ह्यात काय दाबत्यात?"

"कागद."

"खायचं कधीच काय न्हाई?"

"कधीच नाही."

"मग मळ्यातल्या खोपीत न्या. आन् पानाचं मी अजून व्हय म्हणाले न्हाई."

सुताराकडून फटी असलेली उथळ लाकडी पेटी करून घेतली, लोखंड रसाला लागू नये म्हणून वर फळी टाकली. दांडा थोडा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. रस शांतपणे पातेल्यात उतरत होता. शेवटी मामंजींनी चोथा चिवडून बिया पाहिल्या. सगळ्या अखंड होत्या. घरी असं काही करणं कायद्यात बसत नव्हतं, तेही सांगून ठेवते. जेमतेम दोन बाटल्या झाल्या.

सर्वपित्रीच्या सकाळी अंगणात पानं मांडली. भावाच्या पानावर सासूबाईंनी खीर वाढली. मामंजी पेला भरून घेऊन अंगणाच्या कडेला उभे राहिले, आत आले नाहीत.

"तू न्हाई म्हणालीस तर वतून टाकतो," ते म्हणाले.

सासूबाई वाढत राहिल्या. "माझ्या सख्ख्या भावाला कधी दिली न्हाई मी. आन् कुठल्या गोऱ्याला देऊ?"

मामंजी पेला घेऊन तिथेच थांबले.

वाढता वाढता सासूबाईंनीच विचारलं, "तुमाला लपवलं तवा त्याच्या घरात पोरंबाळं हुती?"

"दोन नाती. लहान."

"जर्मनांना कळलं असतं तर?"

"सगळ्यांना भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या असत्या."

सासूबाई उठल्या. घरात जाऊन एक पान घेऊन आल्या आणि मामंजींच्या हातात दिलं.

"विहिरीच्या पलीकडं मांडा," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला वास याय नको."

मामंजी निघाले. तोच त्या माझ्याकडे वळल्या. "तू काय बघत उभी? जा की मागनं. नुसत्या दारूवर ठेवत्यात व्हय माणसाला? भात, वडं घिऊन जा."

मी ताट भरलं. सासूबाईंनी खिरीच्या पातेल्यातली एक वाटी त्यात ठेवली आणि भावाच्या पानाशी जाऊन बसल्या.