वेटिंग रूममधलं बाकडं

आधी एक नाव लिहितो, मग बाकीचं. पुंडलिकराव तायडे. मीटरगेजच्या काळात बार्शीटाकळीच्या अलीकडे एक लहानसं स्टेशन होतं, तिथले ते स्टेशन मास्तर. मी आज पदवीधर आहे, अकोल्यात एका सरकारी ऑफिसच्या ड्रॉइंग शाखेत बसतो, दोन खोल्यांचं का होईना पण स्वतःचं घर आहे... या सगळ्याच्या मुळाशी हा एक माणूस आहे. माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीही पास झालं नव्हतं.

या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून फक्त वाचतो. खरं सांगतो, इथले बरेच गूढ अनुभव वाचून मी हसलो आहे. माझं काम मोजमापाचं. जे मोजता येत नाही ते नसतं, असं माझं सरळ मत होतं. आता मत काय आहे ते मला सांगता येत नाही. घडलं ते तसंच लिहितो.

आमचं घर फुलांचं. थोड्याशा वावरात झेंडू आणि शेवंती. दुपारच्या गाडीने बाबा टोपल्या घेऊन अकोल्याला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायचे. टोपल्या स्टेशनपर्यंत नेणं-आणणं माझ्याकडे होतं. शाळा सकाळची. दोन गाड्यांच्या मधले तीन तास मी वेटिंग रूममध्ये फरशीवर पालथा पडून अभ्यास करायचो. घरी एका खोलीत सात माणसं, तिथे कुठला अभ्यास! मास्तरांनी ते पाहिलं, आणि एक दिवस रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या फळ्यांचं एक बाकडं स्वतः ठोकून दिलं. दहावी आणि बारावी मी त्या बाकड्यावर केली.

एकदा इन्स्पेक्टर आले. वेटिंग रूम तिकीटवाल्यांसाठी असते. त्यांनी विचारलं, "ये लडका कौन है? टिकट है इसका?"

मास्तर आत गेले. तिकिटावर तारीख उठवणाऱ्या मशीनचा खट्‌ आवाज आला. पुठ्ठ्याचं छोटं तिकीट आणून त्यांनी माझ्या वहीवर ठेवलं. "पॅसेंजर है साहब. गाडी का वेट कर रहा है."

"कौनसी गाडी? अभी तो कोई नहीं है."

"जो आयेगी," मास्तर म्हणाले.

साहेब गेल्यावर मास्तरांनी तिकीट परत घेतलं आणि खिशात टाकलं. "तुहा प्रवास झाला का देईन." मी हसलो होतो. पुढे ते तिकीट मी विसरूनही गेलो.

आता माझ्या छंदाबद्दल. माझ्याकडे प्लायवूडच्या एका पाटावर छोट्या रेल्वेचा लेआउट आहे. इंजिन, डबे आणि रूळ मी विकत घेतले, पण इमारती आपल्याकडच्या मिळत नाहीत. मिळतात त्या उतरत्या छपरांच्या परदेशी. म्हणून इमारती मी कागद-पुठ्ठ्याच्याच करतो, आणि त्यासाठी लग्नपत्रिकेसारखा पुठ्ठा नाही. जाड, गुळगुळीत, घडी घातली तर फाटत नाही. माझी बायको वर्षा म्हणते, "त्यायचं लग्न लागलं बी नाही, अन् तुमी त्यायच्या पत्रिकेची खिडकी करून मोकळे!"

गेल्या दिवाळीला मी मास्तरांना भेटायला अमरावतीला गेलो. रिटायर झाल्यापासून ते तिथे मुलीकडे, मंगलाताईंकडे राहतात. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला आहे. उजव्या डोळ्याने नळीतून पाहावं तसं मधोमध तेवढं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, तेही फार दिवस राहणार नाही.

"गजा, ठेसन कसं हाय आपलं?"

मला खोटं बोलवेना. ब्रॉडगेज झाली तेव्हाच ते पाडलं. म्हटलं, "सपाट केलं मास्तर. एक वीट नाही."

 मास्तर म्हणाले, "नजर जायच्या आंधी एकडाव पाह्यलं असतं, बाप्पा."

मी तिथेच शब्द दिला. "मी दाखवतो तुम्हाला."

हाताशी फोटो एकच होता, मास्तरांच्या निरोपसमारंभाचा. हार घातलेल्या माणसांच्या मागे स्टेशनची समोरची भिंत. विटांचे थर मोजून मी उंची काढली आणि एकास सत्त्याऐंशीच्या प्रमाणात सगळं उतरवलं. या मापात दार बोटाच्या पेराएवढं होतं. तिकीटखिडकी, टांगलेला रुळाचा तुकडा — तोच घंटा म्हणून वाजायचा — पाण्याचे दोन माठ, कडुनिंबाचा पार... रोज ऑफिसमधून आलो की हेच.

मग फेब्रुवारीत मंगलाताईंचा फोन आला. "गजाननभाऊ, जरा घाई करा. आता बाबाले दुपारच्या उन्हातच काय ते दिसून राह्यलं."

मी घाई केली, आणि तिथेच चुकलो. इमारत आतून रिकामीच ठेवली. आमच्या छंदात ही पळवाट सगळेच काढतात. बोटाच्या पेराएवढ्या दारातून आत कोण पाहणार? छत चिकटवण्याआधी मोबाइलवर वरून फोटो काढले. ड्रॉइंग शाखेची सवय, प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवायची. ते फोटो आजही माझ्याकडे आहेत. वेटिंग रूमची फरशी कोरी आहे. आत एका लग्नपत्रिकेच्या सोनेरी वेलबुट्टीचा तुकडा दिसतो, बाकी काही नाही. मग छत चिकटवलं आणि सांध्यावर कागदी पट्टी मारून वरून रंग दिला.

रविवारी सकाळी खोका मांडीवर घेऊन पॅसेंजरने अमरावतीला गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलतानासुद्धा तो खाली ठेवला नाही.

दुपारी दीड वाजला असेल. मंगलाताईंनी गॅलरीत उन्हात टेबल मांडलं. मास्तर खुर्चीत बसले आणि मी स्टेशन त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी बोटं फिरवली. "ही खिडकी... हा माठ... अन् ही माही घंटा." मग मान खाली नेत डोळा अगदी वेटिंग रूमच्या दाराला लावला. मी बाजूने मोबाइलचा टॉर्च धरला. नळीतून पाहणाऱ्या डोळ्याला ते दार बरोबर मापाचं झालं होतं... हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे ज्या एका ठिकाणी त्यांना नीट दिसणार होतं, तेच मी रिकामं ठेवलं होतं.  म्हटलं, आता माफी मागावी.

तेवढ्यात ते हसले. "अबे, बाकडं बी केलं का लेका!"

मंगलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. म्हाताऱ्या माणसाला भास झाला असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं.

"मास्तर, घाईत आतलं राहून गेलं..."

"काऊन खोटं बोलतं? थे काय, भिंतीले लागून. उजव्या अंगाचा पाय पाह्य. खालती ठिगळ हाय का नाई?"

ते सरकले. मी वाकून आत पाहिलं.

बाकडं होतं.

मागच्या भिंतीला लागून, दोन सेंटिमीटरभर लांब, पाठ असलेलं. आणि उजव्या पायाखाली पुठ्ठ्याचे बारीक थर. खऱ्या बाकड्याचा तो पाय आखूड होता. ते डगडगायचं म्हणून मास्तरांनी त्याच्याखाली रद्द तिकिटांची चळत सारली होती. ही गोष्ट मी वर्षालाही कधी सांगितलेली नव्हती. मला स्वतःलाच ती त्या क्षणी आठवली.

मी टॉर्च पुढे केला. मंगलाताईंनी तो घेतला, पाहिलं आणि म्हणाल्या, "हाय की हो भाऊ. असं काऊन करून राहिले तुमी?"

मी पुन्हा पाहिलं. तो पुठ्ठा माझ्या लग्नपत्रिकांचा नव्हता. तपकिरी-पिवळा, जुना. बाकड्याच्या पाठीवर काळे आकडे छापलेले होते. ४७.

"मास्तर..." मी म्हणालो, "हे तिकिटाचं केलंय."

मास्तरांचं हसू थांबलं. ते म्हणाले, "मंगला, माहा डबा आण."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. कपाटात खालच्या कप्प्यात, नाडीने बांधलेला. गाठ मंगलाताईंना सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. आत एक शिट्टी, टोपीवरचा बिल्ला, बायकोचा फोटो आणि तळाला एक पाकीट. "त्याच्यात याचं तिकीट हाय," मास्तर म्हणाले. "काढ."

ताईंनी पाकीट माझ्या हातावर उलटं केलं. तिकीट पडलं.

ते पुरतं नव्हतं. एका बाजूने कापलेलं होतं, ब्लेडने कापतात तसं सरळ. तिकीट इतक्या वर्षांचं, तपकिरी पडलेलं... आणि कापलेली कड मात्र आतून पांढरीशुभ्र. ताजी. त्या तिकिटांवर नंबर दोन्ही टोकांना छापलेला असायचा. एक टोक गेलं होतं. दुसऱ्या टोकाला पूर्ण नंबर होता. शेवटचे दोन आकडे ४७.

मी खाली बसलो. खुर्ची कुठे आहे ते न बघता बसलो, म्हणजे फरशीवरच.

"हाय ना तिकीट?" मास्तर विचारत होते.  त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून तिकीट घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. "कोणं कापलं हे?"

मंगलाताई रडायला लागल्या. दुःखाने नाही, घाबरून. मास्तर तिकीट धरून बसून राहिले. मग हळूच, कोणाला उद्देशून कोण जाणे, म्हणाले, "मी तं याले द्यासाठी ठेवलं होतं... देल्या गेलं मंग."

त्या दिवसापासून मी सगळं तपासून पाहिलंय. मास्तरांचा हात थरथरतो, त्यांना चमचा धरवत नाही. ताईंनी डबा कधी उघडलेला नव्हता आणि माझं स्टेशन त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. छताचा सांधा मी त्याच दिवशी, निघण्याआधी, भिंगाखाली तपासला, रंगाला चीर नाही. दारातून बाकडं आत सरकवलं म्हणावं, तर ते मागच्या भिंतीला लावून पायाखाली थर रचायला आत बोट जात नाही, मी मापं घेऊन पाहिली. संशय घ्यायचाच तर माझ्यावर घ्या. मी झोपेत उठून कापलं म्हणा. पण डबा अमरावतीत होता आणि मी अकोल्यात. आणि ते तिकीट अजून अस्तित्वात आहे हेच मला माहीत नव्हतं. ऑफिसमधले म्हणतात, छत काढून बघायला हवं होतं. मी काढलं नाही. स्टेशन मास्तरांकडेच ठेवून आलो.

मला उत्तर सापडलेलं नाही. कोणाकडे असेल तर सांगा, मी हसणार नाही. घरी आल्यावर चार दिवस मी ब्लेड हातात घेतलं नाही. पाचव्या दिवशी हे पत्र लिहून पोस्टात टाकलं.

*

तीर्थरूप मास्तरांना,

साष्टांग नमस्कार. मंगलाताई हे वाचून दाखवतीलच.

त्या दिवशी मी तुमच्या पाया न पडताच निघून आलो. घाबरलो होतो. आता भीती कमी झाली आहे, लाज उरली आहे. तुमच्या स्टेशनच्या विटांचे थर मी मोजले, माठाचा गळा बरोबर यावा म्हणून तीन वेळा केला, आणि जिथे बसून मी माणूस झालो तीच जागा रिकामी सोडली. आत कोण पाहणार, असं वाटलं. तुम्ही पाहणार होतात, हे सुचलं नाही.

ते बाकडं कोणी केलं ते मला माहीत नाही. ते माझ्या हातचं नाही, एवढंच शपथेवर सांगतो. ताई फोनवर म्हणाल्या, तुम्ही आता रोज दुपारी दाराला डोळा लावून बसता आणि बाकडं अजून दिसतं. 

छत कोणाला उघडू देऊ नका. तिकिटाचा उरलेला तुकडा मला पाठवायचा म्हणता, तोही पाठवू नका. माझा प्रवास झाला असं मला अजून वाटत नाही. तुकडा तुमच्याजवळच असू द्या, म्हणजे कोणी साहेब आला आणि विचारलं, हा पोरगा कोण, तर दाखवता येईल.

कोणती गाडी, असं विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या वेटिंग रूममध्ये बसलेला,
गजानन