देवाच्या धारेचा खर्च

निवडणूक संपली की लोक सुटतात आणि कारकून अडकतात. मतपेट्या धुळ्याला पोचल्या, गुलाल झाडून झाला, निवडून आलेले आणि पडलेले आपापल्या वाटेनं गेले, आणि आमच्या तालुक्याच्या कचेरीत माझ्या टेबलावर उमेदवारांच्या खर्चाचे कोरे तक्ते येऊन पडले. देशातली ती दुसरी सार्वत्रिक निवडणूक होती आणि कारकून म्हणून माझी पहिली. मतदारयाद्या नकलून नकलून मी इतका शिणलो होतो की घरी पत्र लिहितानाही नावापुढे वय टाकायचो.

नियम असा होता. उमेदवार निवडून येवो की पडो, निकालापासून तीस दिवसांत त्यानं खर्चाचा हिशेब द्यायचा. किती, कधी, कोणाला, आणि प्रत्येक रकमेची पावती. खाली लिहून द्यायचं की हे सगळं खरं आहे, काही लपवलेलं नाही. हिशेब आला नाही किंवा नमुन्याप्रमाणे नसला तर पाच वर्षं उभं राहता येणार नाही. मला तो नियम आवडला होता, खरंच सांगतो. तरुण होतो.

पहिला हिशेब आला तो सपाटीवरच्या एका तालेवार उमेदवाराचा. वकिलानं टाइप करून दिलेला, पावत्यांना भोक पाडून दोरा ओवलेला. पेट्रोलचा खर्च इतका कमी की त्यांच्या जीपगाड्या बहुधा उतारावरूनच फिरल्या असाव्यात. त्या गाड्यांची धूळ मी महिनाभर खाल्ली होती. आमचे अव्वल कारकून, ज्यांना सगळी कचेरी अण्णा म्हणायची, तो तक्ता उन्हाकडे धरून म्हणाले, “हाई देख. हिशोब असा पाहिजे. खरं-खोटं देव जाने, कागद कसा चकचकीत शे!”

दुसरा हिशेब येईचना. मुदतीला पाच दिवस उरले तेव्हा तो उमेदवार स्वतःच दारात उभा राहिला. धडगावच्या पलीकडच्या डोंगरातून दोन दिवस चालत आला होता. पस्तिशीचा, चौथी शिकलेला. जंगलातली शेतं नावावर व्हावीत म्हणून पाड्यापाड्यांचे अर्ज यानंच लिहिलेले. त्याच लोकांनी मिळून त्याला उभं केलं होतं. पडला, पण अनामत वाचवून पडला. पुढच्या खेपेलाही हाच, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. निवडणुकीत उभा होता तोवर कचेरी त्याला कशीबशी ‘तुम्ही’ म्हणायची. पडल्यावर पुन्हा ‘तू’वर आली.

त्यानं पिशवीतून एक वही काढली. घरी तो पावरी बोलायचा, आमच्याशी शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द तपासून. “भाऊसाहेब, सगळं लिहिलंय,” तो म्हणाला.

सगळं म्हणजे सगळं. छापखान्याचं बिल, त्याची एक पावती. मीठ, रॉकेल. आणि पुढे पानंच्या पानं: कुठल्या पाड्यावर कोणी भाकरी दिली, कोणाच्या घरची उडदाची डाळ, कोणाची कोंबडी कापली, कोण आपलं काम सोडून किती दिवस बरोबर चालला. मी म्हटलं, “हे लोकांनी दिलेलं आहे. तुम्ही पैसे दिलेत का?”

“पैसे कसे देणार? लाहा होता.”

लाहा म्हणजे काय ते मला त्यानंच समजावलं. डोंगरात कोणाचं घर उभारायचं असलं, निंदणी अडली असली, की सगळा पाडा येऊन हात लावतो. मजुरी नाही, घरधन्यानं फक्त जेवू घालायचं. निवडणूकही त्यांनी तशीच उचलली होती. फरक इतकाच की या खेपेला जेवणही लोकांनीच आणलं होतं.

“फुकट मिळालं तरी पोटात गेलंच ना?” तो म्हणाला. “मग ते लिहायला नको?”

मी माझ्याकडचं परिपत्रक चाळलं आणि बाजूला ठेवलं. मग तक्ता भरायला घेतला. शेवटच्या पानावर आलो आणि हात थांबला. तिथं लिहिलं होतं: देवाच्या धारेसाठी मोहाची दारू, घरची, प्रत्येक पाड्यावर.

दारूबंदीचे दिवस होते ते. घरात दारू सापडली तर माणूस थेट आत जायचा. आणि हा बाबा उमेदवार म्हणून, मतदारांसमोर ओतलेली दारू, सहीनिशी सरकारला लिहून देत होता. मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

“ही ओळ काढा,” मी म्हटलं.

“का?”

“तुरुंगात जाल म्हणून!”

तो गोंधळला. त्यानं पुन्हा सावकाश समजावलं, जणू अडाणी मीच होतो. कुठलंही काम धरायचं तर पुजारा आधी पानाच्या द्रोणातून देवाच्या नावानं धार सोडतो. उरलेलं सगळ्यांनी घोटघोट घ्यायचं. धार सोडल्याशिवाय डोंगरात कोणी शब्द देत नाही आणि दिलेला कोणी मानत नाही. मग तक्त्याच्या तळाशी बोट ठेवून त्यानं विचारलं, “इथं ‘काही लपवलेलं नाही’ असं आहे ना? खाली माझी सही होणार. देवाचंच लपवू?”

अण्णा इतका वेळ ऐकत होते. ते वाईट माणूस नव्हते. उलट त्यांनीच सुटका सुचवली. “आरे भाऊ, दारूनं नाव सोड. आनि पावत्या नही ना तुन्हाकडे? खापर गावना बाजारमा जाय, कोनी बी दुकानदार चार आणामा कोऱ्या पावत्या दी दी. आठे बठीसन भरी टाकूत. सगळाच करतस.”

“त्या दुकानदाराकडून मी काही घेतलंच नाही,” तो म्हणाला.

त्यात ताठा नव्हता, हेच जास्त चिडवणारं होतं. मी चिडलोही. म्हटलं, पावत्या नसल्या तर हिशेब नामंजूर होईल, पुढच्या निवडणुकीला मुकाल, तुमच्या लोकांनी एवढं केलं त्यावर पाणी पडेल. त्यानं ऐकून घेतलं. वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, “आहे तसं लिहा.”

मी लिहिलं. धारेची ओळसुद्धा. ती गाळून नक्कल करायचं दोनदा मनात आलं. पण तो शेजारी बसून बोट फिरवत शब्द अन् शब्द वाचत होता. त्यानं सही केली, कागद धुळ्याला गेला, आणि मी पोलिसांची वाट बघत बसलो. दारात कोणाचे बूट वाजले की मी मान वर करून खाकी दिसते का बघायचो. धारेची ओळ माझ्याच अक्षरात होती ना.

कोणी आलं नाही. पावसाळा उलटला, वाटा मोकळ्या झाल्या, तेव्हा हुकूम आला: खर्चाच्या सर्व पावत्या जोडलेल्या नाहीत, सबब हिशेब नमुन्याप्रमाणे नाही, सबब पाच वर्षांसाठी अपात्र. दारूचा उल्लेखही नव्हता. मी हुकूम उलटसुलट पाहिला. पहिल्या पानाला एकच पावती दिसल्यावर कोणी पान उलटलंच नसावं. माझी भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं.

पट्टेवाला तापानं पडला होता, म्हणून बजावणीला मीच गेलो. चढून चढून पायांचे तुकडे पडले. त्याच्या अंगणात पोचलो तेव्हा नेमका लाहाच चालू होता. त्याच्याच मळणीला आठ-दहा घरं जमली होती. मी हुकूम वाचून दाखवला. त्यानं विचारलं, “दारूमुळे?”

“नाही. पावत्यांमुळे.”

“आणि धारेचं? त्याबद्दल साहेब काय म्हणाले?”

खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. “कोणी वाचलं नाही,” मी म्हणालो. “पुढची पानं कोणी वाचलीच नाहीत.”

अपात्र झाल्याचं त्यानं उभ्या उभ्या ऐकलं होतं. हे ऐकल्यावर मात्र तो खाली बसला. काय झालं ते त्यानं आपल्या लोकांना त्यांच्या बोलीत सांगितलं. मग आत जाऊन वही आणली आणि माझ्यापुढे धरली. “तुम्ही वाचा, भाऊसाहेब. ज्यांचं आहे ते इथं बसलेत. तुमचा आवाज कचेरीचा आहे.”

मी उभा राहून वाचलं. एकेक पाडा, एकेक घर, भाकरी, डाळ, चाललेले दिवस. मी वाचायचो, तो पावरीत सांगायचा, आणि ज्याचं नाव येई तो मान हलवायचा. धारेची ओळ आली तेव्हा पुजारा मोठ्यानं “बराबर” म्हणाला.  

वही मिटणार तोच मागून एक म्हातारी तावातावानं बोलू लागली. सगळे हसले, तो हसला नाही. त्याचा चेहरा पार उतरला.

“ती म्हणते तिची कोंबडी राहिली,” तो म्हणाला. “खरं आहे. पहिल्याच दिवशी दिली होती. आणि मी सही करून दिली, काही लपवलेलं नाही म्हणून.”

पाच वर्षं हातची गेल्याचं कळलं तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्याला हे लागलं. मुदत केव्हाच संपली होती, हिशेब नामंजूर झाला होता, त्या वहीला आता कुठल्याच कचेरीत किंमत नव्हती. मी पेन काढलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: कोंबडी एक, आणि म्हातारीचं नाव. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. तेव्हा कुठं तो लाहाच्या पंगतीत माझ्या शेजारी जेवायला बसला.