शेवटचा कट आणि ह्यांची वांगी

मशीन बंद होतं आणि तरी डायलचा काटा हलत होता.

डायल म्हणजे मापाचं घड्याळ. केसाहून बारीक फरक ते दाखवतं. मोटर बंद, पट्टा उतरवलेला, माझा हातसुद्धा मशीनला लागलेला नाही, आणि काटा आपला थरथरतोय. मी त्याला चक्क शिवी दिली.

मशीनवर किरणच्या गाडीचा ब्लॉक बांधलेला होता. ब्लॉक म्हणजे इंजिनचं धड. त्यात चार गोल सिलिंडर असतात आणि त्यांत पिस्टन वरखाली पळतात. सिलिंडर झिजले की आम्ही ते किंचित मोठे, पण परत गोल कापून देतो. ह्याला बोअरिंग म्हणतात. शिरूरहून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं वर्कशॉप आहे. ही गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. तेव्हा कामं सगळी ट्रॅक्टरची आणि पंपाची. ट्रॅक्टरचं इंजिन सोशीक, थोडं इकडंतिकडं झालं तरी ओढतं. किरणची गाडी होती रॅलीची, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीची. तिचं इंजिन दुपटीनं फिरणार. तिथं उन्नीस-बीस चालत नाही.

किरण वडगाव रासाईचा. बापाचा भाजीपाला टेम्पोनं मार्केटला नेता नेता त्याला गाडी पळवायचं वेड लागलं. एक जुनी कार घेऊन तो तिच्या मागं हात धुऊन लागला होता. पण दोन्ही रॅलींत ती धूर सोडत मध्येच बसली. आता त्याच्या आप्पांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "ह्या वक्ताला गाडी शेवटापतुर गेली तर ठेव. न्हाईतर इकून टाक आन् गुमान मळ्यात ये."

रॅली त्याच रविवारी होती. ब्लॉक आधी दोनदा कापलेला. आता शेवटचा कट उरला होता. तो बिघडला तर ब्लॉक भंगारात, कारण आत लायनरची नवी नळी ठोकायलासुद्धा भिंतीत मटेरियल राहिलं नव्हतं.

सकाळी मी पहिल्या सिलिंडरला हलका हात मारला. टॉर्च लावून बघते तर आत बारीक लाटा. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. टूल थरथरलं की अशा रेघा उमटतात. नशीब, शेवटच्या मापाला अजून थोडी जागा बाकी होती. मी बेअरिंग बघितलं, पट्टा बदलला, टूलला धार लावली, पायाचे बोल्ट आवळले. दोष काही सापडेना. किरण दारात उभा राहून नखं खात होता.

"आक्का, पुण्याला नेऊ का?"

"ने की. तिथनं बिघडवून आण, मग दोघं मिळून रडू. गप उभा राहा."

तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. पायाखालची फरशी हादरली आणि काटा उडाला. मी धावत दाराशी आले. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आमच्या दारातल्या स्पीडब्रेकरवरून उतरत होता. मागं आणखी रांग. साखर कारखान्याचा सीझन ऐन भरात आलेला.

आणि हा स्पीडब्रेकर म्हणजे ह्यांचं कर्तृत्व. आमच्यात मशीन माझं आणि गिऱ्हाईक नवऱ्याचं, अशी वाटणी आहे. गाड्या दारात हळू झाल्या की ड्रायव्हर आमचा बोर्ड वाचतील, म्हणून ह्यांनी ग्रामपंचायतीच्या मागं लागून तो घालून घेतला होता. चांगला गुडघाभर!

"अहो, वाचला का कुणी बोर्ड?" मी विचारलं.

"आता टोमणे नको मारू. फोडून टाकू का?"

"फोडा. मग डबा घेऊन येते पोलीस चौकीवर."

मी ॲप्रनला हात पुसत रस्त्यात उभी राहिले. पुढच्या ट्रॅक्टरवर भिवाआबा होते. त्यांच्या ट्रॅक्टरचं बोअरिंग मीच केलेलं, म्हणून वाटलं, घटकाभर थांबा म्हटलं तर ऐकतील. पण कसलं काय!

"आक्का, तुझं समदं खरं. पर कारखान्यावर नंबर गेला तर ऊस ट्रॉलीतच वाळंल. तुझं चार शिलिंडर हुईस्तवर म्या हितं भजन करू व्हय?"

त्यांचंही बरोबर होतं. आणि माझीही अडचण होती. कट एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. थांबला की तिथं गोल कडी उमटते. म्हणजे गाडी आली की थांब, असंही चालणार नव्हतं.

वर्कशॉपच्या कडेला, रस्त्याला लागून, ह्यांनी हौसेनं वांगी लावली होती. जमीन मुरमाड, घट्ट. तिथून वळसा घातला तर स्पीडब्रेकर टळत होता.

"वांग्यातनं घाला," मी म्हणाले.

"अगं, तोडा चालू आहे!" हे ओरडले.

"आजचा तोडा ट्रॅक्टर करतील."

आबांनी ते वळण बघितलं आणि मान हलवली. "मागची ट्रॉली पलटी झाली तर कुणाच्या नावानं बोंब मारू? म्या न्हाई घालत."

"मी घालतो," किरण म्हणाला. "पलटी झाली तर समदा ऊस माझ्या हातानं परत भरतो, आन् गाडी बी इकतो."

आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सीटवरून खाली उतरले.

मी आत गेले. आता बाहेरचं मला काही दिसणार नव्हतं. टूल सिलिंडरमध्ये उतरवलं, मशीन चालू केलं, एक हात ब्लॉकवर ठेवला. बाहेर ट्रॅक्टरचा आवाज बारीक झाला, वाढला, परत बारीक झाला. मग ट्रॉली करकरली आणि सगळे एकदम ओरडले, "आरं आरं आरं!" पण टूल खाली चाललं होतं, जागा सोडता येत नव्हती.

मग आबांचा आवाज आला. "आयला! काढली की बेण्यानं!"

ब्लॉक हाताखाली गप्प होता.

किरण एकामागून एक ट्रॅक्टर काढत राहिला. हे लाल फडकं घेऊन स्पीडब्रेकरवरच उभे राहिले. एसटी आली तेव्हा तिच्या ड्रायव्हरशी ह्यांनी इतकी हुज्जत घातली की तेवढ्यात माझा तिसरा सिलिंडर उरकला. ह्यांच्या बडबडीचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला.

चौथा झाल्यावर होनिंग केलं, म्हणजे दगड फिरवून बारीक घासणी. टॉर्च लावली. एक लाट दिसेना. डायल वरपासून खालपर्यंत फिरवला, काटा ढिम्म. मी किरणला हाक मारली. तो धुळीनं माखून आला, वाकून आत बघितलं आणि बोट आत घालायला निघाला. मला भरून आलं होतं, म्हणून मी त्याच्यावरच खेकसले, "हात लावू नको, घामानं गंज चढंल!"

सोमवारी त्याची गाडी दारात आली. चिखलानं भरलेली. स्पीडब्रेकरवरून मुंगीच्या पावलानं उतरली.

"नंबर?" मी विचारलं.

"न्हाई आला."

"मग?"

"शेवटापतुर गेली, आक्का. धूर न्हाई, काय न्हाई."

त्यानं डिकी उघडली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वांग्याची रोपं काढली. "आप्पांनी दिलीत. म्हणले, पुढच्या टायमाला बी लागतील."

ह्यांनी ती लावली, पण मधून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट सोडून. स्पीडब्रेकर तसाच आहे. मी मात्र तेव्हापासून मशीन थरथरलं की पाना उचलायच्या आधी दार उघडून बघते.