जुन्या नळीत नवा कंडेन्सर

पुलगावात रेडिओ बिघडला की लोक कवडू मडावीकडे जात. कवडू मूळचा गिरडकडचा, गोंड शेतमजुराच्या घरातला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वर्कशॉपमध्ये तो वायरलेस सेट उघडायला शिकला आणि १९४८ साली स्टेशनजवळ त्याने दुकान थाटले.

१९५६च्या दिवाळीआधी रूपराव पाटील देवतळ्यांनी त्याला घरी बोलावले. त्यांचा सेट १९३७चा. आवाज फाटका, मागे सतत घुमघुम. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला त्यांची मुलगी विमला नागपूर केंद्रावरून पहिल्यांदा गाणार होती, आणि तिच्या आईला, आनंदाबाईंना, ते ऐकायचेच होते.

अडचण रूपरावांची होती. पूर्वी एका मेकॅनिकने त्यांच्या सेटमधले चांगले काचेचे व्हॉल्व्ह काढून जुने बसवले होते. तेव्हापासून सेटमधल्या प्रत्येक भागावर त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका नसलेली वस्तू आत चालणार नव्हती.

कवडूने सेट उघडला. व्हॉल्व्ह ठीक होते. कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणाऱ्या कागदी गुंडाळ्या, पुठ्ठ्याच्या नळ्यांत होते; त्या नळ्यांतले मेण मात्र वितळून सांगाड्यावर ओघळले होते.

"पाटील, कंडेन्सर म्हातारे झाले. बदला लागते."

"म्हातारा तं मीबी झालो. मले बदलतं का?"

"जमलं असतं तं मीच सांगितलं असतं कवडूभाऊले," आनंदाबाई आतून म्हणाल्या.

कवडू हसला. "नळी तुमचीच ठेवतो जी. आतलं तेवढं नवं. ठिपका जागेवर."

रूपरावांनी विचार केला. "माह्यासमोर करजो."

शुक्रवारी दुपारी कवडू ओसरीवर बसला. नळी दिव्यावर धरायची, मेण सुटले की जुनी गुंडाळी ढकलून काढायची, तिथे नागपूरहून आणलेला बारीक कंडेन्सर सरकवायचा, पुन्हा मेण भरायचे, कथलाचा डाग देऊन तारेला जोडायचे. असे अकरा. खुर्ची ओढून रूपराव प्रत्येक ठिपका तपासत होते. त्यातच वेळ गेला.

सहा वाजून वीस मिनिटांनी अकरावी नळी दिव्यावर पेटली. कवडूने फुंकर मारली. हातात काळा कागद राहिला. त्याने रूपरावांकडे पाहिले.

"माह्याकडे काय पाहून राह्यला? लाव ना तसाच नवा!"

"ठिपका नाई त्याले."

"चुलीत गेला ठिपका! पोरगी बसली असन तिथं माइकपुढं!"

कवडूने उघडाच कंडेन्सर जोडला आणि साडेसहाला बटण फिरवले. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धे मिनिट काहीच आले नाही. घुमघुमही नाही.

"बंद पडला का रे?" रूपराव उभे राहिले.

तेवढ्यात तंबोरा लागला, स्वच्छ, आणि विमला गाऊ लागली. ओसरीखाली वीसेक माणसे जमली. आनंदाबाई सेटला कान लावून बसल्या. दुसऱ्या कडव्यावर त्या वळून म्हणाल्या, "हे पोरगी आंबट खाऊन गेली, कवडूभाऊ. वरचा सूर पाहा कसा चिरकून राह्यला."

"दिवाळीले घरी आली म्हंजे विचारतोच तिले," रूपराव म्हणाले आणि त्यांनी आवाज आणखी वाढवला.