साहेबाच्या बंगल्यातली खुर्ची

"चपला राहू द्या पायात. काढायच्या तेवढ्या आमच्या लोकांनी काढल्यात इथं," असं म्हणत तो पाहुण्यांना आत घ्यायचा.

बीडचा तो निजामाच्या काळातला तालुकदाराचा, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरचा, बंगला. सरकारने डागडुजी करून लोकांना बघायला खुला केला. मी तिथला कारकून. तो रोजंदारीवरचा रखवालदार. पण बंगला दाखवायचं कामही त्याच्याकडेच आलं, कारण आम्हा बाकीच्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याचा बाप तालुकदाराचा पंखा ओढायचा. भिंतीबाहेर बसून, दोरीने.

आपण असे बंगले बघतो ते झुंबरांसाठी. हा झुंबराखाली थांबायचाच नाही. थेट मागे न्यायचा. "ह्यो घोड्याचा तबेला. वर कौलं हायेत. माझा बाप तिथं, उघड्यावर. कावून? तर घोडा हैदराबादहून आलता."

लोक हसायचे आणि मधेच हसू आवरायचे. कपिलधारला दर्शनाला जाता जाता डोकावलेल्या एका बाईंनी विचारलं, "साहेब स्वभावाने कसा होता हो?"

"लई चांगला. बापाला डुलकी लागली तर सोता मारायचा न्हाई. माणूस पाठवायचा."

एकदा आमच्या भागातले एक पुढारी कार्यकर्त्यांचा ताफा घेऊन आले. घराणं जमीनदाराचं. 'आमचे आजोबा तालुकदाराच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे,' हे त्यांच्या प्रत्येक भाषणात असायचं. मोबाईल वर झाले. पुढारी म्हणाले, "काका, आजोबांची खुर्ची कुठं असायची, दाखवा बरं."

मी मागून खुणा करत होतो. दाखव की कुठली तरी!

"खुर्ची न्हवती, दादा. चला, दावतो." त्याने सगळ्यांना मागच्या ओसरीच्या पायरीशी नेलं. "हितं उभे ऱ्हायचे. पागोटं काखेत. पलीकडं माझा बाप. आतून बोलावणं काय यायचं न्हाई. बापाला लई कीव यायची त्यांची. जवळ मडकं व्हतं, पन आमच्या हातचं पाणी त्यांना चालत न्हवतं. तसेच तहानलेले परत जायचे."

मोबाईल खाली आले. "काकांना बरीच माहिती आहे," एवढं बोलून पुढारी गाडीत बसले.

आठवड्याच्या आत त्याची रोजंदारी बंद झाली. पत्रातला 'वयोमानानुसार' हा शब्द माझा. पत्र हातात देताना मी वर शहाणपण शिकवलं, "एक खुर्ची दाखवली असती तर काय बिघडलं असतं?"

"कायबी न्हाई, भाऊसाहेब." त्याने चाव्या टेबलावर ठेवल्या. "पन माझ्या बापाला कीव करायला तेवढा एकच मोठा माणूस मिळालता. त्यो तरी ऱ्हाऊ द्या की त्याचा."

तो गेला. पुन्हा बंगल्याकडे फिरकला नाही.

आता माहिती सांगायला यंत्र बसवलंय. गोड आवाजात बोलतं. दिवाणखान्यात आजोबांची खुर्चीही आहे. परळीच्या जुन्या सामानाच्या दुकानातून मीच आणली. भोवती दोरी, समोर पाटी.

परवा वडवणीची एक शाळा आली आणि नेमकी लाईट गेली. यंत्र गप्प झालं. मुलं खुर्चीभोवती उभी. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगा ना."

मी घसा साफ केला आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पेन्शनला माझी अजून चार वर्षं आहेत.