जमनाची खोली

प्राणिबागेतल्या गोष्टी चाऱ्याच्या गोदामातल्या भुशासारख्या असतात. कितीही झाडलं तरी कोपऱ्यात थोडा उरतोच, आणि उरलेला भुसा कपड्यांना चिकटून घरी येतो.

करोल बागेत माझ्या मेहुण्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. संध्याकाळी भट्टी थंड झाली की आमची सांगलीकडची चार माणसं तिथं बसतात. मेहुणा म्हणतो, "दाजी, जनावरांचं सांगा काहीतरी." मी हळू बोलतो. चहा निवून जातो, पण कुणी उठत नाही, हे त्यांचं मोठेपण.

मीही याच भट्टीवर काम करायला दिल्लीत आलो होतो. धग सोसली नाही. मग शहराच्या कडेला एका प्राणिबागेत जनावरं सांभाळायला लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. बागेचं नाव सांगत नाही. माणसं चांगली होती, पिंजरे तेवढे जुने होते.

*

आमचा चौधरी, हरियाणाचा. वयानं माझ्याएवढाच, पुढे हेड कीपर झाला. मला कायम 'मराठे' म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला अस्वलाचा पिंजरा दाखवला. सिमेंटची फरशी, फरशीला उतार, उताराच्या शेवटी मोरी. मातीचा कण नाही.

"देख मराठे, इंजिनियर ने क्या चीज बनाई है. पाइप मार, सब साफ."

मी विचारलं, "और भालू?"

"उसको भी मार दे. गर्मी है."

त्या पिंजऱ्यात जमना राहायची. मदाऱ्याकडून सोडवून आणलेली अस्वलीण. नाकातलं वेसणीचं भोक बुजलेलं होतं, पण खूण दिसायची. ती भिंतीपासून मोरीपर्यंत चालायची, मोरीपाशी मान झटकून वळायची आणि परत भिंतीकडे जायची. दिवसभर. लोक पोरांना उचलून दाखवायचे, "देखो, नाच रही है."

मदाऱ्याकडे नाचली असेल. इथं ती नाचत नव्हती.

*

माझं हिंदी तेव्हा कच्चं होतं. एकदा वाघाच्या आतल्या खोलीत नळ फुटला आणि पाणी भरलं. मी वॉकीटॉकीवर ऑफिसला कळवायला गेलो, "साहब, बाघ की खोली..." आणि पुढचं खरखरीत गेलं.

तिकडून आवाज आला, "क्या? किसकी खोली?"

"बाघ की, साहब."

"कब से खोली है?"

मला वाटलं, साहेब नवे आहेत, त्यांना माहीत नसेल. म्हणालो, "शुरू से है, साहब. हम आए तब से."

शिट्ट्या वाजल्या. सहलीला आलेली शाळा कॅन्टीनमध्ये कोंडली गेली. चौधरी कडुनिंबावर चढला आणि तिथून मला ओरडून विचारत होता, "मराठे, किधर गया वो?" मी म्हणालो, "किधर जाएगा? खोली में है." वाघ फळीवर पाय आखडून बसला होता, खाली पाणी बघत.

चौधरीला खाली उतरवायला शिडी आणावी लागली. उतरल्यावर त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. "आज के बाद 'खोली' नहीं बोलेगा. कमरा बोल, घर बोल, कुछ भी बोल."

पुढे सगळी वर्षं मी कमरा म्हणालो. घरी बायकोनं "खोली झाडून घ्या" म्हटलं तरी मी आधी दाराकडे बघायचो.

*

मग एक मोठे साहेब आले. ते म्हणाले, पिंजरे फार उदास दिसतात, मागच्या भिंतींवर जंगल रंगवा. माकडांच्या भिंतीसाठी सिनेमाची पोस्टरं काढणारा एक पेंटर आणला. त्यानं झाडं काढली, धबधबा काढला. रंग उरला म्हणून झुडपातून बघणारा एक बिबट्याही काढला.

सकाळी माकडं सोडली. सगळी सरळ छताच्या जाळीला जाऊन लटकली, ती उतरेनात. केळी खाली काळी पडली. दोन दिवस नुसता आरडाओरडा.

पेंटरला बोलावून बिबट्या पुसायला सांगितला. तो हात जोडून उभा राहिला. "साहब, रहने दीजिए. बीस साल हीरो बनाए, आज तक किसी ने पहचाना नहीं."

*

पुढे डॉक्टरमॅडम आल्या. आडनाव मराठी, जन्म दिल्लीचा. मराठी बोलायच्या, पण अर्ध्यात शब्द हरवायचा आणि मग माझ्याकडे बघायच्या. मला काका म्हणायच्या.

बिबट्याची मादी तेव्हा अंगावरचे केस उपटायची. मॅडम तिच्याकडे बघत म्हणाल्या, "काका, चारही बाजूंनी लोक आहेत. हिला एक ती पाहिजे... छुपने की जगह. पूर्ण छुपना नाही हां. म्हणजे ती असेल, पण कुणी बघणार नाही. मराठीत काय म्हणतात याला?"

मला आमची क्वार्टर आठवली. एकच खोली, त्यात आम्ही दोघं आणि भट्टीवर कामाला आलेले माझे दोन भाऊ. बायकोनं कोपऱ्यात दोरी बांधून जुनं लुगडं टाकलं होतं. त्याच्यामागे ती नुसती बसायची. कधी केस विंचरायची, कधी तेही नाही. भाऊ समोरच असायचे, पण लुगड्यामागून बाहेर आली की तिचा चेहरा निवलेला असायचा.

मी म्हणालो, "आडोसा."

"आडोसा," मॅडम म्हणाल्या. परत एकदा म्हणाल्या. मग त्यांनी बांबूचे तट्टे मागवले.

बिबटीण तट्ट्यामागे बसायला लागली. केस परत आले, पण लोक चिडले. एक गृहस्थ चौधरीला म्हणाले, "एक घंटे से खड़ा हूँ, तेंदुआ दिखता ही नहीं."

चौधरी म्हणाला, "उसको आप दिख रहे हो जी. आज उसकी बारी है."

*

शेवटी जमनाचा पिंजरा पाडायचं ठरलं. तिच्यासाठी नवी जागा बांधली. मॅडमनी स्वतः उभं राहून माती टाकून घेतली, झाडं लावून घेतली. एवढी मोठी जागा की तिकडच्या टोकाला अस्वल उभं राहिलं तर बकरीएवढं दिसेल. माझी रिटायरमेंट जवळ आली होती. जमना मातीवर चालताना बघावी आणि घरी जावं, एवढंच मनात होतं.

रात्रीच्या कोठडीचं दार उघडलं. ती उंबऱ्यावर बसून राहिली. मातीला नाक लावायची आणि आत जायची. बऱ्याच दिवसांनी एकदाची बाहेर आली. आम्ही सगळे बघत उभे होतो. ती थोडी चालली, मान झटकली आणि वळली.

तिथं मोरी नव्हती, पण तिची मोरी तिथंच होती. जेवढा जुना पिंजरा तेवढंच चालायची. पुढे एवढं रान पडलेलं, त्यात तिच्या पावलांनी मळलेला एक पट्टा पडला. मॅडमनी मध लावलेले ओंडके ठेवले, ती त्यांना ओलांडून वळायची.

तेव्हाचे मोठे साहेब बघून गेले. म्हणाले, "इतना बनवाया, और ये वही की वही. अगली बार भी यही दिखा तो इसे कहीं और भेज देंगे. यहाँ दूसरा जानवर रख लेंगे."

मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तिचं इथं काहीच नाहीये. तिच्या वासाचं काहीतरी पाहिजे." मग पाडलेल्या पिंजऱ्यातून जमनाची झोपायची फळी आणली आणि वळायच्या जागेच्या थोडी पुढे टाकली. जमनानं तिकडे ढुंकून बघितलं नाही.

फळीला वाळवी लागली. जुन्या पिंजऱ्यात फळीला दरवर्षी औषध मारायचे, इथं कोण मारणार? एका सकाळी जमना चालत आली, मान झटकली, आणि वळलीच नाही. नाक वर करून उभी राहिली. मग पट्टा ओलांडून फळीपाशी गेली, नखं रोवली आणि माती उडायला लागली. अस्वल वाळवी ओढून खातं तेव्हा लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज होतो. माझ्या नोकरीत मी तो पहिल्यांदा ऐकला.

स्टोअरचा माणूस धावत आला. "सरकारी फट्टे में दीमक! दवा लाऊँ?"

चौधरीनं त्याचा हात धरला. "रहने दे. पहली बार इसके घर में खाना बना है."

फळी संपली तरी ती उकरायची थांबली नाही. फळीच्या मागे चढ होता, त्याच्या पोटात शिरत गेली. मग एक दिवस ती दिसेनाशीच झाली. पट्ट्यावर गवत यायला लागलं.

आणि साहेब आले. सोबत ऑफिसची माणसं, मॅडम, चौधरी, मी. साहेबांनी सगळ्या रानावरून नजर फिरवली. अस्वल नाही.

"जमना कहाँ है?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांची शपथ, पण तोंडातून आपलंच बाहेर आलं.

"अपनी खोली में, साहब."

साहेब दचकून एक पाऊल मागे सरले. "खोली? किसने खोली?"

चौधरीनं आधी कडुनिंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तो पुढे झाला.

"खोली नहीं, साहब. खोदी है. इसने खुद."

साहेबांनी वाकून त्या बिळाकडे बघितलं. आतून गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. जमना पंजा चोखत पडली की तसा आवाज काढते. मागे कुणाचा तरी फोन वाजला, कुणीतरी मोठ्यानं बोलायला लागलं.

साहेबांनी तोंडावर बोट ठेवलं. "धीरे बोलिए. अंदर कोई है."