नवसाला चालणारी हिरवी पूड

डब्याचं झाकण फिरवलं की आधी वास येतो. पूड दिसायच्या आधी वास. पावसाळ्यापूर्वी होड्या वाळूवर ओढून ठेवतात, तेव्हा बुडाला चिकटलेलं हिरवं शेवाळ आम्ही मुली पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचो. ते बोटांच्या नखांत शिरायचं. साबण लावला, राख लावली, तरी रात्री जेवताना हात तोंडाजवळ नेला की तोच वास यायचा आणि घास परत ताटात जायचा. त्या वेळी कोणी मला सांगितलं असतं की म्हातारपणी तू हेच सकाळी उठून पिशील, तर मी हसले असते.

पूड काळपट हिरवी आहे. पाण्यात टाकली की आधी वर तरंगते, गोळे होतात, चमच्याने दाबले तर गोळा फुटून आतून कोरडी पूड निघते. ढवळून ढवळून एकजीव झालं की पेल्याला आतून चिकटतं. पिऊन झाल्यावर पेला विसळला तरी कडेला हिरवी रेघ राहते. तो पेला मी आता वेगळाच ठेवते. त्यात दुसऱ्या कोणी चुकून चहा प्यायला तर मलाच मळमळेल.

हे माझ्या वाट्याला आलं ते पायांमुळे. पायांना सूज यायला लागली होती. मी बंदरावरच्या बाजारात मासे विकते. मासळी ताजी आहे का बघायला गिऱ्हाईक बोटाने दाबतं. ताजी असेल तर मांस लगेच वर येतं, शिळी असेल तर खळगा तसाच राहतो. एक दिवस घरी बसल्या बसल्या मी माझ्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला आणि राहिला. मी बघत बसले. मला माझ्याच पायाची किळस आली. वाटलं, ही मासळी मी टोपलीत वर ठेवली नसती.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, अंगात प्रोटीन कमी आहे. "मासे, अंडी खा," म्हणाले. मी मान खाली घातली. मला डॉक्टरांसमोर बोलता येत नाही. सून बरोबर होती, तिनेच सांगितलं, "डॉक्टर, आई खात नाहीत. नवस आहे."

डॉक्टर हसले. "कोळीण आणि मासे खात नाही?"

नवस माझ्या मुलासाठी होता. तो पहिल्यांदा मोठ्या बोटीवर गेला होता आणि वादळ झालं. सगळ्या बोटी आल्या, त्याची आली नाही. सगळा किनारा माणसांनी भरलेला, आणि मी देवीच्या देवळाच्या पायरीवर. मला मोठ्याने रडताही येत नव्हतं. मनातच म्हणाले, पोर किनाऱ्याला लागू दे, मी मासळी, मटण, अंडं, कशाला तोंड लावणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. तेव्हापासून मी मासे विकते, साफ करून देते, घरच्यांना कालवण करते. चव बघत नाही. मीठ अंदाजाने टाकते.

डॉक्टरांकडून आल्यावर सुनेने मुलाला सगळं सांगितलं. तो आता स्वतः तांडेल आहे, बोट चालवतो. तो ताटावर बसला होता, ताटात पापलेट होतं. त्याने ताट सरकवलं.

"आये, मासं माझ्यासाठी सोरलंस ना? आता माझ्यासाठी खा."

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग तू खात नाय तवर मी पन नाय खानार."

मला वाटलं, रागाचं बोलणं, उद्या विसरेल. पण तो माझाच मुलगा. घरी डाळभात खायचा. बोटीवर खलाशी ताज्या मासळीचं कालवण करतात, तिथे हा लोणच्याशी भात खायचा. मोठी जाऊ आमच्या शेजारीच राहते. तिचा मुलगा त्याच बोटीवर आहे. बोट आली की ती येऊन सांगायची, "खलाशी त्याला म्हाराज म्हनतात गो. 'म्हाराज, परसादाला काय?' असं इचारतात. जाळी वडनारा मानूस, लोनच्यावर किती दिवस टिकंल?"

तो वाळत चालला होता. गालाची हाडं दिसायला लागली. मी नवस केला तो त्याने परत यावं आणि पोटभर खावं म्हणून. आता त्याच नवसापायी तो उपाशी. ना मला नवस मोडता येत होता, ना त्याचं ताट बघवत होतं.

मधला मार्ग सुनेने काढला. ती विरारच्या फ्लॅटमधली मुलगी, सातिवलीला एका गोदामात नोकरी करते. तिकडे असले डबे येतात. एके संध्याकाळी पिशवीतून डबा काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

"आई, हे स्पिरुलिना. शंभर टक्के व्हेज. पाण्यातलं शेवाळ असतं ना, त्याची पावडर. यात खूप प्रोटीन असतं. तुमच्या नवसाला चालेल."

मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आई हे घेतील. रिपोर्ट चांगला आला की तुम्ही मासे खायचे. ठरलं?"

तो म्हणाला, "ठरलं." मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. सून एवढ्या मायेने आणते, तिला नाही कसं म्हणायचं? आणि तो माशाच्या ताटावर परत बसणार होता.

पहिला घोट घेतला आणि घसा आपोआप बंद झाला. जीभ आत ओढली गेली. आधी ओहोटीचा चिखल, मग गवत, आणि गिळल्यावर मागून येतो तो भिजलेल्या जवळ्याचा, त्या बारीक सुक्या कोळंबीचा वास. हेच सगळ्यात वाईट. इतक्या वर्षांत मी मासळीची चव विसरले होते. टोपलीत हात घालून दिवसभर बसते, कधी लाळ सुटली नाही. या पुडीने ती चव उकरून काढली. एकाच वेळी उलटी यायची आणि तोंडाला पाणीही सुटायचं. मला माझीच लाज वाटायची. पेला नुसता शेवाळाचा असता तर मी नाक दाबून प्यायले असते.

सुनेने ताकात घालून दिलं. ताक नासल्यासारखं दिसलं. केळ्यात घालून दिलं, तर मला केळंच आवडेनासं झालं. तांदळाच्या भाकरीच्या पिठात मळलं, तर भाकरी तव्यावर अशी फुगली की बेडूक बसल्यासारखा वाटला. मी ती झाकून ठेवली. शेवटी पाणीच बरं, लवकर संपतं तरी.

जीभ हिरवी व्हायची, दातांच्या फटी हिरव्या. हसताना मी पदर तोंडावर धरायला लागले. तशी मी फार हसत नाहीच. पहिल्या आठवड्यात संडासात बघून मी घाबरले, वाटलं आतून कुजले. सून म्हणाली, "नॉर्मल आहे आई, असं होतं." असं होतं म्हणे! होत असेल, पण कोणी आधी सांगायला नको?

बाजारात मी जावेशेजारी बसते. भाव ती करते, मी कापून देते. एका सकाळी एक बाई वाकून बांगडे बघत होत्या आणि मला ढेकर आला. दाबायचा प्रयत्न केला, दाबला गेला नाही. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"मावशी, शिळे आहेत का हो?"

"शिले?" जाऊ उसळली. "आताच बोटीवरनं उतरल्यात! कल्ले बघा, लाल हायेत का नाय?"

"मग वास कसला येतोय?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी खाली कोयत्याकडे बघत होते. बाई निघून गेल्या. जाऊ म्हणाली, "काय गो, मासली ताजी नि कोलीन सरलेली! देवीनं तुला मासं सोरायला लावलं, चिखल खायला नाय सांगितलं."

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मीही पदराआड हसले, पण परत ढेकर येईल या भीतीने तोंड घट्ट मिटून.

मग पुडीला ओल लागली. आमचं घर समुद्राला लागून, हवेत खार. मीठ पाझरतं, तर पुडीचं काय. डब्यात ढेकूळ झालं. आमच्याकडे सुक्या मासळीला ओल लागली की काय करतात, उन्हात घालतात. मीही तेच केलं. सून कामावर गेली होती, मुलगा समुद्रावर. धुतलेलं जुनं लुगडं घेऊन आम्ही जवळा सुकवतो तिथे गेले, कोपऱ्यात लुगडं पसरलं आणि त्यावर पूड पातळ करून घातली.

उन्हाने वास आणखी वाढला. माशा आल्या. जवळ्यावरच्या माशा उठून माझ्या पुडीवर बसल्या, हिरवा थर काळा दिसायला लागला. मी पदराने हाकलत बसले. जाऊ लांबून ओरडली, "माशी बसते म्हंजी ती मासलीच हाय!"

मला ते लागलं, पण मी थट्टेवारी नेलं. संध्याकाळी पूड कोरडी झाली, डब्यात भरली आणि पुढचे काही दिवस सकाळी घेत राहिले.

एका सकाळी चमच्यात काहीतरी गुलाबी दिसलं. उजेडाला नेलं. जवळा होता. भाताच्या तुसाएवढा, वाकडा, दोन काळे डोळे. वाऱ्याने उडून आला असणार. पूड ताटात ओतली आणि बोटाने चाळली. आणखी निघाले. काही अख्खे, काहींचे नुसते डोळे. म्हणजे आधीच्या सकाळी मी काय गिळलं होतं?

मी मोरीत जाऊन घशात बोटं घातली. हिरवं पाणी पडलं. परत घातली. मला कळत होतं की याचा उपयोग नाही, जे गेलं ते गेलं. पण बोटं थांबेनात. मुलगा समुद्रावर होता. नवस त्याच्या जिवासाठी होता आणि मी तो मोडला होता, नकळत, चमच्याने ढवळून.

ऊन चांगलं होतं, पाणी शांत होतं, तरी दिवसभर मी ते ताट पुढ्यात घेऊन बसले. बाजारात गेले नाही. जाऊ विचारायला आली तेव्हा तिला ताट दाखवलं. या वेळी ती हसली नाही. बाजूला बसली, जवळ्याचा एक डोळा नखावर घेऊन बघितला.

"तू मुद्दाम नाय खाल्लंस."

"पोटात गेलं ना."

"देवीला पोट नाय दिसत, मन दिसतं," ती म्हणाली. पण मग तीही उठून बाहेर गेली आणि समुद्राकडे बघत उभी राहिली. तिचाही मुलगा त्याच बोटीवर होता.

बोट ठरल्या दिवशी आली. मी किनाऱ्यावर गेले नाही, माझ्याच्याने गेलं नाही. दारात त्याचा आवाज आला, "आये, पानी दे." मी उठलेच नाही, बसल्या जागी रडायला लागले. तो घाबरला. सून कामावरून नुकतीच आली होती. तिने विचारलं तेव्हा मी दोघांना सगळं सांगितलं. आयुष्यात एकदम एवढं बोलले नसेन. लुगडं, माशा, काळे डोळे, घशातली बोटं, सगळं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "मी आलो ना? हाय ना समोर?" आणि डबा ओढून एक चमचा पेल्यात टाकून ढवळलं. "येवढं काय हाय यात बघू."

एक घोट घेतला आणि मोरीकडे धावला. थुंकला, चूळ भरली, परत थुंकला. खवळलेल्या पाण्यात उभा राहणारा माणूस, डोळ्यांत पाणी आलेलं.

"आये, हे तर होरीचं बूड हाय! तू हे रोज पीत होतीस?"

सून म्हणाली, "बघू," आणि बोट बुडवून जिभेला लावलं. तिने तोंड असं केलं की मला रडताना हसू आलं. "सॉरी आई," ती म्हणाली. "मी कधी चाखलंच नव्हतं. डब्यावर इतकं छान लिहिलंय."

मुलगा जमिनीवर बसला. पेला हाताने लांब सरकवला आणि म्हणाला, "माझ्या हट्टापायी पीत होतीस." मग बायकोला म्हणाला, "मासं हायेत? ताटात वार."

"आणि आई?"

मी म्हणाले, "मी मूग खाईन. वाल, चवळी, दूध, सांगशील ते दोन वेळा खाईन. नवस मोडणार नाही. आणि हे पिणार नाही."

मी नाही म्हणाले हे माझ्या लक्षात नंतर आलं. कोणी रागावलं नाही. सून म्हणाली, डॉक्टरांना विचारून डाळींचं नीट ठरवू, पुढच्या तपासणीत कळेल.

सुनेने त्याला बोंबलाचं कालवण वाढलं. तो जेवायला बसला, पहिला घास घेताना माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, खा. मग तो थांबला नाही. भात कालवून, बोटं चाटून, दुसऱ्यांदा भात मागून जेवला. मी समोर मुगाची वाटी घेऊन बसले. मूग चांगले शिजले होते, पण प्रत्येक घासाला मागून तोच हिरवा वास येत होता. तरी मी वाटी संपवली. त्याचं ताट संपेपर्यंत मला तिथून उठायचं नव्हतं.